मापावरची शीग

ती पहिल्यांदा बाजारात आली तेव्हा सगळा बाजार थांबला होता, असं वेल्ह्यात अजून सांगतात. ते खरं नाही. बाजार कुणासाठी थांबत नाही. सुकटीच्या ढिगावर माश्या बसत होत्या, म्हशीचं लोणी उन्हात पाझरायला लागलं होतं, आणि कोकणातून घाट चढून आलेले मिठाचे बैल ओढ्याकाठी पाणी पीत होते. थांबले होते ते फक्त लोक. मीही थांबले होते, आणि मी तर तिच्या शेजारीच उभी होते.

तिचे यजमान डॉक्टर, मूळचे पुण्याचे. विलायतेला शिकायला गेले आणि तिकडूनच लग्न करून आले. भोरचं संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नव्या सरकारनं वेल्ह्याला दवाखाना काढला, त्यावर यांची नेमणूक झाली. शिमग्याच्या सुमाराला दोन ट्रंका आणि ही गोरी बायको घेऊन ते आले. गाव म्हणालं, पावसाळा लागायच्या आत जातील.

माझे यजमान शाळेत मास्तर. दवाखान्यामागच्या चार खोल्यांपैकी दोन डॉक्टरांच्या, दोन आमच्या, मधे कुडाची भिंत. तिला मराठी येत होती, नवऱ्यानं बोटीवर शिकवलेली. पातळ नेसे. हळू बोले, एकेक शब्द खाली ठेवल्यासारखा. सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणे, कुत्र्यालासुद्धा. लोक तिच्या माघारी तिला मड्डम म्हणत, समोर डाक्टरीणबाई. मी बाई म्हणत असे. ती मला ताई म्हणायची.

दुसऱ्याच आठवड्याला तिनं विचारलं, ताई, मला बाजार शिकवाल का?

मी हो म्हणाले. इथून पुढचं मी आजवर कुणाशी बोललेले नाही. यजमानांशीही नाही.

आधी बाजाराचं सांगते, कारण तो बाजार मी तिच्यामुळं पाहिला. भोरहून लग्न होऊन येऊन मला तेव्हा चार वर्षं झाली होती. दर आठवड्याला पिशवी घेऊन जात होते, पण जाणं आणि पाहणं यात फरक असतो. तिचा एकच प्रश्न असे: हे कुठून आलं? लोणी विकणाऱ्या धनगराच्या बाईला तिनं तसंच विचारलं. त्या बाईनं मागं वळून डोंगराकडं हात केला, पार वरती, जिथं माझ्या डोळ्यांना नुसती करडी झाडी दिसत होती. पहाटे निघाली होती म्हणे, डोक्यावर गाडगं घेऊन. वडाच्या पानात दिलेला तो लोण्याचा गोळा बाईनं ओंजळीत असा धरला, की धनगराची बाई हसायची थांबली आणि तिनं आणखी एक पान खालून लावून दिलं, गळू नये म्हणून.

मिठाचंही तसंच. तिनं एक खडा उचलून जिभेवर ठेवला आणि घाटाकडं बघत उभी राहिली. समुद्र त्या बाजूला आहे ना, म्हणाली. मी म्हटलं असेल. खरंच मला तोवर कधी वाटलं नव्हतं की माझ्या डब्यातलं मीठ कुठल्या तरी समुद्रातून निघून, बैलाच्या पाठीवर बसून, एवढा डोंगर चढून आलंय. त्या दिवशी घरी आल्यावर मी डबा उघडून पाहिला. मला स्वतःचीच लाज वाटली आणि मजाही वाटली.

तिच्याकडं एक वही होती. तीत ती प्रत्येक जिनसाचं चित्र काढी. हिरडा, करवंदं, बोंबील, नाचणीचं कणीस. खाली त्याचं मराठी नाव आणि कोणी विकलं त्याची खूण, म्हणजे नथ, तुटका दात, हिरवं लुगडं असं काहीतरी. आपलं चित्र बघायला बायका जमायच्या. एक म्हणाली, माझा दात ह्यापरीस बरा हाय की. ती म्हणाली, मी पुन्हा काढते, आणि खाली बसून खरंच पुन्हा काढला. अशा माणसाबरोबर चालताना आपल्या अंगावरही थोडा उजेड पडतो. वाणी माझ्यासाठी पाट सरकवू लागला. ज्या बायका मला ‘भोरची’ म्हणून नाकं मुरडत, त्याच मला हाका मारून बोलवायला लागल्या. मी मड्डमची मास्तरीण झाले होते. हे मला फार आवडत होतं, तेही लिहून ठेवते.

आता तांदळाचं. आमच्याकडं तांदूळ तोलत नसत, मापत. अधोली, शेर, मापटं, चिपटं अशी लाकडाची नाहीतर पितळेची मापं. पाटीत माप खुपसायचं, भरायचं, आणि मग हातानं वरून तांदूळ सोडत राहायचं, मापाच्या तोंडावर चढेल तेवढा डोंगर होईपर्यंत. तो डोंगर म्हणजे शीग. पैसे मोजायचे ते मापाचे. शीग विकत नसते, ती विकणारीनं द्यायची असते, आपल्या मनानं. घेणारीनं पदर पसरून ती सांडू न देता घ्यायची. आणि मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. हे कुणी कुणाला शिकवत नाही. ते ठाऊकच असतं.

मला नव्हतं ठाऊक. भोरला आमच्याकडं वाणसामान दुकानातून येई, तागडीत तोलून. लग्नानंतरच्या पहिल्या बाजारात मी तांदूळवालीला म्हटलं होतं, वजन करून द्या. वर्षभर त्यावरून हसत होत्या. तागडीवाली म्हणत मला. कुणी सांगितलं नाही की बाई, असं असतं. मी एकटीनं, चोरून बघून शिकले.

पालीची एक म्हातारी तांदूळ घेऊन यायची. पाली म्हणजे राजगडाच्या पायथ्याचं गाव, तिथून डोक्यावर पाटी घेऊन चालत. तिचा शब्द बाजारात चाले. वैशाखात सगळ्यांची पावसाळ्याची बेगमी चालू होती. बाई त्या दिवशी सकाळीच माझ्याबरोबर निघाली, म्हातारी पाटी टेकतच होती. म्हणजे तिची भवानी, दिवसाची पहिली विक्री, बाईच्या हातची. म्हातारीला तेही बरं वाटलं. गोऱ्या हाताची भवानी बघू की, म्हणाली.

तिनं शेर भरला. शीग चढवायला लागली, चढवतच राहिली. बाईला द्यायची म्हणून नेहमीपेक्षा मोठी. दाणे घरंगळायला लागले. आणि बाईनं पुढं होऊन तळहात मापावरून सरळ फिरवला. शीग पाटीत परत पडली, माप काठोकाठ सपाट झालं. मग बाई म्हातारीकडं बघून हसली, एखादं चांगलं काम केल्यासारखी.

म्हातारी हसली नाही. तिनं माप खाली ठेवलं. आजूबाजूच्या दोघीतिघींनी पाहिलं होतं, त्यांनी तोंडावर पदर घेतला. म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, “नगं असंल तर नगं म्हनावं तिला. पर भवानीच्या मापावरनं हात फिरवू न्हाई.”

एवढं भरभर बोललेलं बाईला तेव्हा कळत नसे, तिनं मला विचारलं, “ताई, आजी काय म्हणाल्या?”

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. माझ्या तोंडात ते आलंही होतं. पण त्याच क्षणी मला ते ‘तागडीवाली’ आठवलं, आणि दुसरंही काहीतरी आलं मनात, जे मी तेव्हा स्वतःलाही नीट सांगितलं नाही. ते असं की हिला सगळं कळलं तर मग माझं काय काम?

मी म्हणाले, “काही नाही. भाव सांगतायत.”

त्या दिवशी म्हातारीची निम्मी पाटी तशीच राहिली. दुपारी वावटळ आली, लोक लवकर उठले, हे कारण होतं. पण पाटी डोक्यावर घेताना ती जे काही पुटपुटली ते वावटळीबद्दल नव्हतं.

पुढच्या बाजाराला ते सगळीकडं झालं होतं. मड्डम शीग मोडती. बाई जवळ आली की बायका पाटीवर फडकं टाकत. संपलं बाई. हे पाव्हण्याचं हाय. ह्ये घरचं, इकायचं न्हाई. धनगराची बाईसुद्धा गाडगं मागं सरकवू लागली. बाई रिकामी पिशवी घेऊन माझ्याकडं बघायची. काय झालं ताई, माझं काही चुकलं का?

दुसऱ्यांदा विचारलं तिनं. आणि मी दुसऱ्यांदा सांगितलं, काही नाही, गोऱ्या माणसाला बुजतात त्या. होईल हळूहळू.

मग तिचं सामान मी आणायला लागले. त्याच म्हातारीकडून, तोच तांदूळ, शिगेसकट. तिनं तांदूळ पातेल्यात ओतला की मला म्हणे, तुम्ही नसता तर आम्ही उपाशी राहिलो असतो. मी म्हणत असे, अहो, काय त्यात. अख्खा पावसाळा हे चाललं. तिनं बाजारात यायचं सोडलं नाही मात्र. पावसात, इरलं घेऊन, मोकळ्या हातानं माझ्यामागं दोन पावलं उभी राहायची आणि बघायची. मला वाटे, बिचारी सवय म्हणून येते.

नवरात्राच्या आधी एकदा ती कुडाच्या पलीकडून बोलली. तिच्या सासूबाईंचं पत्र आलं होतं पुण्याहून. मुलाला पुण्यात दवाखाना टाकून द्यायची त्यांची तयारी होती, जागाही बघितली होती. डॉक्टरांचं मन डळमळत होतं. सासूबाई दिवाळीच्या आधी येऊन राहणार होत्या, बघणार होत्या. पत्रात लिहिलं होतं की ज्या गावात घरच्या बाईला चिमूटभर मीठ स्वतः आणता येत नाही, जे लागेल ते शेजारणीच्या हातून येतं, ते गाव तुझ्या बायकोला आपलं म्हणत नाही, तिथं संसार मांडू नये. हे सारं डॉक्टरांनीच त्यांना कळवलं होतं, काळजीपोटी.

“मला इथंच राहायचंय,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “तुम्ही विचाराल का, का म्हणून?”

मी विचारलं नाही. मला भीती वाटली की ती काहीतरी चांगलं सांगेल.

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. चार-पाच आठवडे हातात होते. रोज सकाळी ठरवायची आणि रोज वाटायचं, आता सांगितलं तर ती विचारेल, मग त्या दिवशी का नाही सांगितलं? पहिलं खोटं बोलायला मला एक श्वास लागला होता. ते परत घ्यायला पावसाळा पुरला नाही.

सासूबाई आल्या. उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. आल्या दिवशी त्यांनी तांदळाचा डबा उघडून मूठभर तांदूळ हातावर घेतला, चांगला आहे म्हणाल्या, कुणी आणला? सुनेनं सांगितलं, ताईंनी. त्या नुसतं हं म्हणाल्या. बाजाराच्या दिवशी म्हणाल्या, चला, मीही येते.

आम्ही तिघी निघालो. हळवं, लवकर पिकणारं भात नुकतंच कांडून बाजारात आलं होतं, नव्या तांदळाचा वास लांबूनच येत होता. मी सवयीनं पुढं झाले, पालीच्या म्हातारीकडं. तर बाईनं माझ्या दंडाला हात लावला. हलकेच. म्हणाली, आज मी.

ती म्हातारीसमोर गेली आणि खाली बसली. उकिडवी, आमच्या बायका बसतात तशी. म्हातारीनं फडकं हातात घेतलं, पण पाटीवर टाकलं नाही, कारण बाईनं काही मागितलंच नव्हतं. तिनं नुसता पदर पुढं पसरला, दोन्ही टोकं धरून. तळहात पदराच्या आत, मापाला लागणार नाहीत असे. आणि बसून राहिली. आजूबाजूचं बोलणं बारीक होत गेलं. 

म्हातारीनं तिच्या पसरलेल्या पदराकडं पाहिलं. मग शेर उचलला, भरला, शीग चढवली. यावेळीही मोठीच चढवली, मुद्दाम. दाणे घरंगळले. पदर हलला नाही.

बाई हळूच म्हणाली, “लाभ.”

ते मी तिला शिकवलं नव्हतं. पावसात, माझ्यामागं दोन पावलं उभी राहून तिनं ते उचललं होतं. इथल्या बायका जे जन्मापासून शिकतात आणि त्यांना कळतही नाही, ते तिनं माझ्या पाठीवरून वाचलं होतं.  देवळात जाऊन जे कधी झालं नाही ते मला त्या धुळीत, सुकटीच्या वासात झालं. एवढं लक्ष देऊन कुणी आपल्या मापाकडं, आपल्या हाताकडं, आपल्या गावाकडं बघू शकतं?

म्हातारीनं माप पदरात ओतलं. दुसरं भरता भरता म्हणाली, “मंग तवा हात का फिरिवला व्हता गं पोरी?”

बाईनं एकेक शब्द जुळवला. म्हणाली, “लढाईत आमच्याकडं सगळं मोजून मिळायचं, आजी. साखर, लोणी, सगळं. दुकानदारानं चुकून जास्त घातलं तर माझी आई परत करायची. म्हणायची, आपल्या पिशवीत जास्त आलं ते कुणाच्या तरी पिशवीतनं कमी झालं. तुमचा तांदूळ सांडत होता. मला वाटलं, तुमचा कमी होतोय.”

म्हातारीचा हात मापावर तसाच राहिला. शेजारच्या नथवालीनं फडकं डोळ्याला लावलं. “माझा कशानं कमी व्हतोय?” म्हातारी म्हणाली. “देणारीचा कदी कमी व्हतोय व्हय? येडी का काय तू.” आणि मग, सहज, भांडायचं म्हणूनसुद्धा नाही, माझ्याकडं मान वळवून म्हणाली, “आन् ह्या मास्तरनीला तर म्या तवाच बोलले व्हते. हिनं सांगितलं न्हाई तुला?”

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. 

बाईनं पाहिलं नाही. ती पदरातला तांदूळ हातानं एका बाजूला सारत होती. म्हणाली, “ताईंनी सांगितलं होतं. मीच विसरले.”

“अशी गं कशी इसरतीस,” म्हातारी म्हणाली, आणि माप ओतलं. “दोन.”

बस, एवढंच. बाजार पुन्हा सुरू झाला. धनगराच्या बाईनं लोण्याचं गाडगं आपणहून पुढं ओढलं, कुणी बाईला जुनी चित्रं दाखव म्हणालं, ती दात तुटलेली पुढं येऊन म्हणाली, माझा आता अजून येक पडलाय, त्यो बी काढ. सासूबाई एका दगडावर बसून ते सगळं बघत होत्या. परतताना त्यांनी सुनेच्या पिशवीचा एक बंद स्वतः धरला. रात्रीच्या जेवणाला त्यांनी मुलाला सांगितलं, पुण्याची जागा नको म्हणून कळवते. हे मला कुडापलीकडून ऐकू आलं. दिवाळी झाल्यावर त्या गेल्या.

मी दोन दिवस दार लावून बसले. तिसऱ्या दिवशी गेले. सगळं बोलायचं ठरवून गेले होते, अगदी शब्द जुळवून. ती उंबऱ्याशी बसून नवा तांदूळ निवडत होती. मला पाहिलं, जरा सरकून जागा केली आणि सूप अर्धं माझ्याकडं वळवलं. मी बसले. दोघी खडे काढत होतो.  शेवटी एवढंच बाहेर आलं, “त्या दिवशी आजी भावाचं बोलल्या नव्हत्या.”

ती म्हणाली, “ठाऊक आहे मला.”

एक खडा काढून तिनं उंबऱ्यापलीकडं टाकला. मग म्हणाली, “ताई, नाचणीची भाकरी माझी अजून फुटते. ती शिकवायची राहिलीय.”

मी पीठ मळायला उठले. पाणी गरम लागतं, कडकडीत, आणि हात थांबवायचा नाही. हे मात्र मी तिला सगळं सांगितलं, काही न ठेवता.

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं वेल्ह्यात होते. पुढं किलोची वजनं आली, मापं माळ्यावर गेली, तागडीत शीग बसत नाही. डॉक्टरांची बदली झाली आणि ते कुठं कुठं गेले. तिची पत्रं काही वर्षं येत होती, तीत चित्रं असत.

मी खोटं बोलले ते तिला केव्हापासून ठाऊक होतं, हे मी तेव्हा विचारलं नाही. त्या बाजारात, आजी बोलल्या तेव्हा कळलं असेल तर ते एक. पण श्रावणातच, पावसात माझ्यामागं उभी राहून कळलं असेल तर? तर मग माझ्या हातचा तांदूळ रोज पातेल्यात ओतताना ‘तुम्ही नसता तर’ म्हणायची, ते सगळं समजून म्हणायची. इतकी वर्षं झाली, मी तांदूळ निवडायला बसले की हाच हिशेब करते आणि दर वेळी श्रावणापाशीच येऊन थांबते.